पाचव्या प्रश्नाचं उत्तर

मेच्या सुट्टीआधी मेल्विना टीचरनी सातवीच्या बत्तीस मुलांच्या हातात एकेक कादंबरी ठेवली. मुंबईच्या कुठल्याशा संस्थेने शाळेला भेट दिलेल्या प्रती होत्या. "आंबे खाताना वाचा, पण पानांना रस लावू नका. जूनमध्ये यावर चाळीस गुणांची परीक्षा आहे," असं त्यांनी बजावलं. मुलं नेहमीसारखी कुरकुरली.

कादंबरी घाटावरच्या एका गावातली होती. गोदा नावाच्या मुलीच्या बापाच्या बिडीने कडब्याच्या गंजीला आग लागते. आळ येतो गावच्या गुराख्यावर. तो पळून जातो आणि रानात मरतो. खरं काय ते एकट्या गोदाला माहीत असतं. दीडशे पानं ती गप्प राहते आणि शेवटच्या प्रकरणात भर ग्रामसभेत उभी राहून सगळं सांगून टाकते.

शाळा सुरू झाल्यावर आठवड्याभराने परीक्षा झाली. पाचवा प्रश्न आठ गुणांचा होता : 'गोदाने शेवटी खरे का सांगितले? तुम्ही तिच्या जागी असता तर काय केले असते?' नमुना उत्तर टीचरनी आधीच लिहून ठेवलं होतं. सत्य, धैर्य, मनाची टोचणी. घरी पेपर तपासायला बसल्या तेव्हा एकामागून एक पेपरात तेच निघत गेलं. 'सत्य कधीच लपत नाही, मीही खरेच सांगितले असते.' सात, सात, साडेसात.

एकोणतिसावा पेपर नम्रता तांडेलचा होता. देवबागच्या मंगेश तांडेलची मुलगी. मंगेशची होडी पर्यटकांना डॉल्फिन आणि खाडी-समुद्राचा संगम दाखवायला न्यायची. नम्रताने लिहिलं होतं :

'गोदाने सांगितले कारण पुस्तक संपवायचे होते. खरी गोदा असती तर तिला सभेनंतर त्याच घरी जावे लागले असते. तेव्हा तिला जेवायला कोणी वाढले ते लिहिलेले नाही. आणि गोदाला उशीर झाला. गुराखी जिवंत असताना सांगायला पाहिजे होते. गुराख्याच्या तोंडाला वास येत नव्हता. त्याने स्वतःचे जाकीट काढून लहान मुलाला दिले. मी असते तर सांगितले नसते. मी वाईट आहे.'

टीचर दमल्या होत्या. त्यांनी 'वास' आणि 'जाकीट' या शब्दांखाली लाल रेघ ओढली आणि समासात लिहिलं, 'हे पुस्तकात नाही. कादंबरी नीट वाचावी.' आठापैकी दोन. शेवटचं वाक्य त्यांनी वाचलं होतं. या वयात मुली असलं काहीबाही लिहितात असं वाटून त्या पुढच्या पेपराकडे वळल्या.

सोमवारी पेपर वाटले. मधल्या सुट्टीत नम्रता एकटीच वर्गात थांबली आणि पेपर घेऊन टेबलापाशी आली.

"टीचर, पुस्तकात नाही म्हणजे ते खोटं काय?"

"खोटं नाही गं. पण प्रश्न पुस्तकावर होता. गुराख्याकडे जाकीट कुठून येणार?"

"गुराख्याकडे नाय." ती बोलता बोलता घरच्या बोलीवर गेली. "बाबलीकाकाकडे होता."

बाबलीचं नाव ऐकताच मेल्विनाच्या हातातला डबा तसाच राहिला. बाबली मंगेशच्या होडीवर खलाशी होता. एकोणीस मे रोजी, हंगाम संपायला आठवडा उरलेला असताना, ती होडी संगमाजवळ लाटेत उलटली. पर्यटक वाचले, बाबली गेला. तीन दिवसांनी त्याचा मृतदेह खाडीपलीकडच्या भोगव्याच्या किनाऱ्यावर सापडला तेव्हा तपासण्यासारखं काही उरलं नव्हतं. बाबली दारू पिऊन सुकाणूवर बसला आणि त्याने होडी लाटेत घातली, असं मंगेशने पोलिसांना सांगितलं. किनाऱ्यावरच्या बाकीच्या होडीवाल्यांनी मान डोलावली. घाबरलेले पर्यटक त्याच दिवशी गाड्या काढून निघून गेले होते.

"तू खंय होतंस तेव्हा?" मेल्विनाने विचारलं.

"धक्क्यार. लाईफ जाकिटां मीच वाटी होतंय. जाकिटां अकरा आणि माणसां चवदा. बाबलीकाका पप्पांका म्हणालो, इतकी नको, दोन फेरे करूया. पप्पांनी आयकूक नाय. सुकाणू पप्पांकडेच होता. बाबलीकाकान आपला जाकीट काढल्यान आणि एका बारक्या झिलाक घातल्यान. तेका घालताना तो माझ्याकडे वाकलो होतो, टीचर. तेच्या तोंडाक वास नव्हतो."

"आवशीक सांगलंस?" मेल्विनाने तिच्या आईबद्दल विचारलं.

"आवस म्हणता, तू काय्येक बघूक नाय."

घंटा झाली. मुलं आरडाओरड करत वर्गात शिरली. पेपर टेबलावरच ठेवून नम्रता जागेवर जाऊन बसली आणि तिने भूगोलाचं पुस्तक काढलं.

मेल्विनाने घरी नवऱ्याला सांगितलं. ॲरोन देवबागलाच तीन खोल्यांचं होमस्टे चालवायचा. त्याच्या पाहुण्यांना मंगेशच फिरवून आणायचा.

"तू ह्यात पडा नको," ॲरोन म्हणाला. "बाबली काय परत येवचो नाय. आणि त्या चेडवाचा काय होतला, तेचो विचार केलंस?"

त्याचं सगळंच, निदान मुलीबद्दलचं तरी, चूक होतं असं मेल्विनाला म्हणता येईना. ती सहा दिवस गप्प राहिली. या सहा दिवसांत नम्रता रोज वर्गात तिच्याकडे बघायची. काही विचारायची नाही, नुसती बघायची. शनिवारी बाजारात मेल्विनाला बाबलीची बायको शेवंती दिसली. सुक्या बांगड्यांची टोपली घेऊन ती इतर बायकांपासून चार हात लांब बसली होती. भाव विचारणारा एक माणूस जाता जाता दुसऱ्याला म्हणाला, "त्या बेवड्याची बायल ती." शेवंतीने ऐकलं आणि टोपलीवरच्या माशा हाकलल्या.

सोमवारी शाळा सुटल्यावर मेल्विना नम्रताचा पेपर पर्समध्ये घालून पोलीस ठाण्यात गेली. साहेब तरुण होते, सभ्य होते. त्यांनी उत्तर दोनदा वाचलं. "तुम्ही स्वतः काही पाहिलंय का?" त्यांनी विचारलं. मेल्विना नाही म्हणाली. "मग मुलीला विचारावं लागेल. पालकांसमोर."

दुसऱ्या दिवशी मेल्विनालाही ठाण्यात बोलावलं होतं; मंगेश आणि त्याची बायको नम्रताला घेऊन आले. मंगेश धुतलेला शर्ट घालून आला होता आणि ऑफिसातलं मराठी बोलत होता.

"साहेब, पोरगी गोष्टी रचते. लहानपणापासून सवय आहे. आणि हे बघा ना, टीचरनी स्वतःच लिहिलंय." त्याने लाल शाईवर बोट ठेवलं. "नीट वाचावी म्हणून. आठातले दोन मार्क दिलेत. तेव्हा चूक होतं ते आता बरोबर कसं झालं?"

साहेबांनी मेल्विनाकडे बघितलं.

"बाळ, घाबरू नकोस," साहेब नम्रताला म्हणाले. "हे जाकिटाचं तू कुठलं लिहिलंस?"

नम्रताची आई तिच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. नम्रताने बापाच्या चपलांकडे बघितलं.

"पुस्तकातलं," ती म्हणाली.

"टीचर, पुस्तकात आहे असं काही?"

मेल्विनाने तोंड उघडलं. नाही म्हटलं असतं तर मुलगी सगळ्यांदेखत खोटी पडली असती, आणि नंतर तिला त्याच बापाबरोबर घरी जायचं होतं. हो म्हणणं तर शक्यच नव्हतं. "मला... नक्की आठवत नाही," शेवटी ती म्हणाली. हे मुलीला वाचवायला म्हटलं की स्वतःला, ते तिला त्या दिवशी ठरवता आलं नाही आणि पुढेही कधी आलं नाही.

साहेबांनी पेपर परत केला.

आठ दिवसांत मंगेश शाळेत आला. नम्रताचा दाखला हवा होता. तिला फोंडाघाटला मामाकडे ठेवणार होते. वर्गशिक्षक म्हणून दाखल्याची माहिती मेल्विनालाच भरावी लागली. 'वर्तणूक' समोर तिने 'चांगली' लिहिलं. मंगेशने दाखला घडी करून खिशात घातला आणि दारातून म्हणाला, "टीचर, तुमच्या पावण्यांका आता दुसरी होडी बघा."

त्याच संध्याकाळी पावसातून चालत मेल्विना शेवंतीकडे गेली. शेवंती पडवीत सुपात तांदूळ निवडत होती. मेल्विनाने सगळं सांगितलं, होमस्टेचंही आणि ठाण्यातलंही. मग पेपर काढून उत्तर वाचून दाखवलं. शेवंतीने सूप खाली ठेवलं.

"ता वासाचा परत वाचा."

मेल्विनाने परत वाचलं.

"माझो घोव दारवेक शिवूक नाय कधी. माका कोणी सांगूक नको होता," शेवंती म्हणाली. "पण आणखी कोणाक तरी म्हायत आसा म्हणायचा." सूप परत मांडीवर घेत तिने विचारलं, "ठाण्यात तुमी गप कित्याक रवल्यात?"

"त्या चेडवासाठी," मेल्विना म्हणाली. शब्द बाहेर पडले तेव्हाच ते अर्धे आहेत हे तिला कळलं.

"चेडू तर गेलाच मां?"

शेवंतीने हात पुढे केला. "ह्यो कागद माका होयो." मेल्विनाने पेपर दिला. शेवंतीने तो रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवला. श्रावण संपता संपता ती तो घेऊन ठाण्यात गेली, मग तहसीलदारांकडे गेली. दोन्हीकडे तिला सांगण्यात आलं की शाळेचा पेपर हा पुरावा होत नाही.

ऑक्टोबरात हंगाम सुरू झाला. मंगेशच्या होडीला नवीन रंग लागला होता. ॲरोनच्या तीनपैकी दोन खोल्या दिवाळीतही रिकाम्या राहिल्या. देवबागातल्या कुठल्याच होडीवाल्याला त्याच्या पाहुण्यांसाठी वेळ मिळेना. ॲरोन संध्याकाळी एकटाच खाडीवर जाऊन बसायला लागला.

सुट्टी संपल्यावर मेल्विना एक दिवस रजा टाकून एसटीने फोंडाघाटला गेली. तिथल्या मुख्याध्यापकांनी नम्रताला ऑफिसात बोलावलं. ती उंच झाली होती. केस आखूड कापले होते.

"कशी आहेस?"

"बरी."

"आई येते भेटायला?"

"येते. पप्पा नाही येत."

मेल्विनाला खूप बोलायचं होतं. ठाण्यात ती जे बोलली त्याची माफी मागायची होती. पण मुख्याध्यापक समोर रजिस्टर चाळत बसले होते. ती म्हणाली, "तुझं ते उत्तर, नम्रता. मी चुकीचे मार्क दिले. तू वर्गात सगळ्यांत नीट वाचलं होतंस."

नम्रताने मान हलवली, कोणी गणिताच्या पेपराची तारीख सांगावी तशी. "मी आता गोष्टींची पुस्तकं वाचत नाही, टीचर," ती म्हणाली. "जाऊ? विज्ञानाचा तास आहे."

"जा."

ती गेली. मुख्याध्यापकांनी हुशार मुलगी आहे, पण बोलत नाही, असं सांगितलं आणि चहा मागवला. परतीच्या गाडीला दीड तास होता. बाजारातून घाटाकडे ट्रक चढत होते. मेल्विना थांब्यावर उभी राहिली. दीड तासाने आलेल्या गाडीत चढायला जागा मिळाली नाही; ती पुढच्या गाडीची वाट बघत राहिली.