पियेरिसचा उंच पेला

मी एक उंच काचेचा पेला. मला जरा धीर धरवत नाही, म्हणून मधूनच सुरुवात करतो: माझ्यात बुडबुडे आले नाहीत!

जन्म कारखान्यातला, पण वाढलो ट्रूडोसच्या डोंगरातल्या एका हॉटेलात. तिथे पियेरिस तीस वर्षं ब्रँडी सावर बनवायचा. हॉटेल बंद पडलं तेव्हा त्याने मला कागदात गुंडाळून खाली लिमासोल शहरात घरी आणलं. रविवारी जेवणाआधी तो माझ्या काठावर लिंबू फिरवी, काठ साखरेत टेकवी, मग बर्फ, दोन माप ब्रँडी, एक माप घरचा गोड लिंबूरस, कडू अर्काचे चार थेंब आणि वरून सोडा. मग नाकाशी धरून हुंगायचा आणि "हं!" म्हणायचा. त्या "हं"साठी मी जगायचो.

नाताळात त्याला ताप आला. ताप उतरला, पण "हं" परत आलं नाही. मला विसळताना एकदा पुटपुटला, "कसलाच वास येत नाही रे." हे त्याने फक्त मलाच सांगितलं. घरच्यांना म्हणायचा, "आधी तुम्ही चाखा." सगळ्यांना वाटे, काय हा नम्र माणूस!

आणि त्या रविवारी व्याही आले. मुलीचं, देस्पोचं, लग्न ठरलेलं. व्याही कुठेही गेले तरी नावं ठेवणारे, म्हणून पियेरिसची सकाळपासून तगमग. आमच्याकडे गावची झिवानिया, म्हणजे द्राक्षांची कडक दारू, हाताला लागेल त्या रिकाम्या बाटलीत भरतात. शेजाऱ्याने दिलेली सोड्याच्या बाटलीत होती. पियेरिसने तीच उचलली.

सोड्याने माझ्या अंगाला गुदगुल्या होतात. आज काहीच नाही! अरे थांब, हुंग तरी एकदा! पण काचेला तोंड कुठलं?

व्याह्यांनी मोठा घोट घेतला आणि त्यांचा ठसका थांबेना. "पियेरिस, जावई हवाय की त्याचा बाप मारायचाय?"

सगळे हसले. पियेरिसही हसला आणि मला उचलून स्वयंपाकघरात गेला.

देस्पो त्याच्यामागून आली. तिने बाटली हुंगली, मग बापाकडे पाहिलं. "बाबा, कधीपासून?"

"नाताळपासून."

"आणि आम्हाला सांगितलं नाहीत?"

"वास गेला म्हटल्यावर मी कसला पियेरिस?"

ती रडली नाही. तिने मला धुतलं, लिंबू त्याच्या हातात ठेवलं. "पुन्हा करा. हात तुमचा, नाक माझं."

त्याने केलं. तिने हुंगलं आणि अगदी त्याच्यासारखं "हं!" म्हणाली. व्याह्यांनी दुसरा पेला मागून घेतला.

आता देस्पो निकोसियाला नांदते. रविवारी बारा वाजले की पियेरिस मला साखरेत टेकवून खिडकीशी ठेवतो, आणि आम्ही दोघं रस्त्याकडे कान लावतो. तिची गाडी यायला जरा उशीर झाला की बर्फाआधी मीच वितळतो.

तुमच्या घरी कुणी सारखं "आधी तुम्ही चाखा" म्हणत असेल, तर नुसतं चाखू नका. कधीपासून, ते विचारा.