मुरमावरचा तबेला

कामरगावच्या फाट्यावर बेबीताई जीपमधून उतरली तेव्हा तिच्या हातात माहेरच्या मिरच्यांची पिशवी होती आणि डोकं अगदी शांत होतं. शेतातल्या घराकडे वळली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तबेल्याची आखणी झाली होती, चुन्याच्या रेघा मारल्या होत्या. पण रस्त्याकडच्या मुरमाड उंचवट्यावर नव्हे, तर पार मागे, नाल्याकाठच्या खोलगट जागेत.

ही खोलगट जागा मोठी लबाड होती. उन्हाळ्यात दगडासारखी टणक राहायची. पाऊस पडला की तिथल्या काळ्या मातीत माणूस गुडघ्यापर्यंत रुतायचा. मागच्या पावसाळ्यात राखीला, म्हणजे त्यांच्या वरातीच्या घोडीला, तिथे बांधलं होतं. तिचे खूर कुजले. बँडच्या तालावर नवरदेवासकट नाचणारी घोडी दिवाळीनंतरच्या ऐन लग्नसराईतही लंगडत होती, आणि बेबीताई तिच्या पायाला औषध लावत रडत होती. म्हणून तर पुढच्या पावसाच्या आत तबेला उंचावर बांधायचं नवराबायकोनं ठरवलं होतं.

तिचा नवरा जानराव राखीच्या पाठीवरून खरारा फिरवत होता.

"अवो, हे काहून?"

"तिकडं सावली हाय."

"सावली? तिथली बाभूय तुमीच तोडून चुलीत घातली ना?"

जानरावचा खरारा थांबला. मग एकेक गोष्ट बाहेर आली. सकाळी शालिकरामभाऊ येऊन गेले होते. हे शालिकराम म्हणजे रस्त्यापलीकडचे बागाईतदार. वर्षानुवर्षं वांगी-कोबी पिकवली, आणि आता अर्धी बाग मोडून लग्नाचा लॉन काढला. खाटेवर बसून त्यांनी चहा घेतला, जानरावच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, पाहुण्यांना समोरच तबेला दिसला तर बरं वाटत नाही, वास येतो. जानरावनं मान डोलावली. माणूस सोन्यासारखा, पण 'नाही' हा शब्द त्याच्या तोंडातून कधी निघायचा नाही.

"त्याच्या लॉनवरच आपलं भागते, बेबी. उगाच वाकडं कायले घ्या?"

"अन् हिचे पाय?"

जानराव पुन्हा खरारा फिरवू लागला. बेबीताईनं पिशवी तिथेच टाकली आणि तरातरा रस्ता ओलांडला.

लॉनच्या फाटकावर रंगकाम चाललं होतं. दोन्ही खांबांवर दोन सिमेंटचे घोडे पुढचे पाय उचलून उभे होते आणि त्यांच्या आयाळीला सोनेरी रंग लागत होता. ते पाहून बेबीताईला हसावं की दगड मारावा, कळेना. सिमेंटचे घोडे दारात, आणि जिवंत घोडी चिखलात! याच लॉनवर बायका राखीच्या पायावर पाणी घालतात, कपाळाला कुंकू लावतात, भिजवलेली डाळ ओंजळीनं चारतात. तेव्हा कुणाला वास येत नाही.

शालिकरामभाऊ खुर्ची टाकून बसले होते. "या बेबीताई! काय म्हणता?"

"भाऊ, तबेला आमी मुरमावरच बांधून राह्यलो."

"मी कुठी नाई म्हणतो? जमीन तुमची, मर्जी तुमची." ते गोड हसले. "फक्त जरासं मागं घ्या म्हटलं."

"माह्या सासऱ्यालेई हेच सांगतलं होतं तुमच्या बापानं. रस्त्यावर घर बरं दिसत नाई, जरासं मागं घ्या. त्यानं घेतलं. चाळीस वर्सं झाले, आमी पावसाळ्यात चिखल तुडवतच घरी जातो. आता घोडीबी मागं?"

शालिकरामभाऊंचं हसू मावळलं. "त्यात जात कायले आणता, बाई?"

"जातीचं नाव तुमी काढलं. मी जागेचं बोलून राह्यली."

रंगाऱ्याचा हात हवेतच राहिला. शालिकरामभाऊ खुर्चीतून उठले. "बरं. मंग मीबी कारंज्याहून घोडी आणतो. तिथं काय घोड्यांचा दुष्काळ हाय?"

"आणा," ती म्हणाली आणि परतली. घरी आल्यावर चुन्याच्या रेघा तिनं चपलेनं पुसल्या आणि मुरमावर नव्या मारल्या. जानराव बघत राहिला. दुसऱ्या दिवशी त्यानं मुकाट्यानं खांबांसाठी खड्डे खणले, पण बायकोशी बोलला नाही.

तबेला उभा राहिला आणि लॉनवरून राखीला बोलावणं येईना. लग्न लागायचं, बँड वाजायचा, आणि राखी कान टवकारून रस्त्याकडे पाहत पाय आपटायची. तिला काय कळणार कशाची शिक्षा आहे ते!

मे महिन्यात एका लग्नाला कारंज्याहून पांढरी घोडी आली. वरातीला वेळ होता आणि ऊन रणरणत होतं. लॉनवर मंडप होता, कूलर होते, गाड्यांना जागा होती; घोडी बांधायला मात्र कुठेच जागा नव्हती. तिच्या तोंडाला फेस आला तसे शालिकरामभाऊ स्वतः लगाम धरून रस्ता ओलांडून आले.

"जानराव, घडीभर बांधू दे बाप्पा. तिकडं नाल्याजवळ बांधली तरी चालते."

बेबीताई बाजूलाच उभी होती. आता हा मान डोलावणार, तिला पक्कं ठाऊक होतं.

जानरावनं लगाम हातात घेतला. घोडीला राखीच्या शेजारी, टिनाच्या सावलीत बांधलं आणि पुढ्यात पाण्याची बादली ठेवली. मग वळून म्हणाला, "नाई भाऊ. पाहुणी हाय ते. पाहुण्याले मागं नाई बसवत आमी. अन् वरात इथूनच काढा, नवरदेवाले इकडं पाठवा."

शालिकरामभाऊ परत रस्ता ओलांडून गेले. जानराव बायकोकडे पाहून हसला. शाबासकीची वाट पाहणाऱ्या पोरासारखा त्याचा चेहरा झाला होता. पण बेबीताईच्या डोळ्यांत पाणी आलं ते रागानं.

"कारंज्याच्या घोडीसाठी तोंड उघडलं तुमचं," ती म्हणाली. "राखीसाठी काहून नाई उघडलं?"