दोन बोटांची शीग

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात रीनाची सकाळ साडेचारला सुरू होई. तिची आई सोनीबाई चुलीवर कोरा चहा ठेवी, बाप बुधू कावडीला दोन टोपल्या अडकवी, आणि रीना कालच्या भाकरीचा अर्धा तुकडा ओच्यात बांधून दोघांच्या मागून निघे. झुंजुमुंजू होण्याआधी तिघे नाल्यापलीकडच्या आपल्या तीन मोहांखाली पोहोचत. झाडांखालचा पाला आधीच झाडून काढलेला असल्यामुळे गळलेली फिकट पिवळी फुले मातीवर स्वच्छ दिसत. ती एकेक करून दोन बोटांनी उचलायची असतात. घाई केली तर फूल चिरडते आणि वाळताना काळे पडते. सात वाजता पहिली टोपली भरे. मग रीनाला थोडी सुटी मिळे, आणि ती कमरेची प्लास्टिकची पिशवी चाचपत टेकडीकडे धावे.

पिशवीत मोबाइल असे. गावात नेटवर्क नव्हते. ते टेकडीवरच्या एका सपाट खडकावर मिळे, तेही तालुक्याच्या गावाकडे, धानोऱ्याकडे, तोंड करून उभे राहिले तर. मुलांनी त्या खडकाला 'टावरगोटा' असे नाव दिले होते.

टावरगोट्यावर उभी राहिली की रीना नववीतली एक साधी विद्यार्थिनी उरत नसे. तालुक्यातल्या निरनिराळ्या शाळांतली चौतीस मुले मोबाइलवरच्या एका गटात एकमेकांना गृहपाठातली गणिते विचारत. दिवाळीनंतरच्या गणित शिबिरात ओळखी झाल्या होत्या, आणि धानोऱ्याच्या बाजारपेठेत राहणाऱ्या वाजिदने हा गट सुरू केला होता. प्रश्न कोणीही विचारो, अखेरचा शब्द रीनाचा असे. मुले तिला 'रीना मॅडम' म्हणत. ती वरवर रागावे; मनातून मात्र तिला ते फार आवडे.

काल संध्याकाळी गटावर जो प्रश्न आला होता, तो सगळ्या शाळांना मिळालेल्या सरावपत्रिकेतला होता. धान्याची शंकूच्या आकाराची रास. तळाची त्रिज्या साठ सेंटिमीटर, उंची सत्तर. दहा सेंटिमीटर त्रिज्येच्या आणि चौदा सेंटिमीटर उंचीच्या दंडगोलाकृती मापाने ती मोजली, तर किती मापे भरतील? रीनाने खडकावर बसूनच गणित सोडवले. माप भरले की काठावर निमुळता ढीग, शीग, येणारच, म्हणून तिने दोन बोटांची, म्हणजे तीन सेंटिमीटरची शीग धरली, तिचा छोटा शंकू मापाच्या घनफळात मिळवला आणि भागाकार केला. उत्तर छप्पन्न आले. बाकी शून्य! असा निःशेष भाग गेल्यावर कोण शंका घेणार? एकतीस जणांनी अंगठे दाखवले.

शंका घेतली ती मोनालीने. दूरच्या गावातल्या या मुलीने पाच महिन्यांत गटावर एक अक्षरही लिहिले नव्हते. तिने पहिल्यांदाच लिहिले, "माहं उत्तर साठ येते. शीग कुठी लिहिली हाय?"

रीनाने तत्काळ उत्तर दिले होते, "तुमच्या घरी मापावर हात फिरवून देतात वाटते! पाहुणे दुसऱ्यांदा येतात का?"

त्यावर हसऱ्या चेहऱ्यांची रांगच लागली. मोनालीने आपला संदेश पुसून टाकला, आणि थोड्या वेळाने लिहिले, "बरोबर. मी छप्पन्न करून घेतलं."

आज सकाळी रीना खडकावर चढली तेव्हा तिला वाजिदचा, फक्त तिच्यासाठी पाठवलेला, आवाजी निरोप मिळाला.

"रीना, गुड्डी आपा ब्रह्मपुरीहून आली हाय ना, कॉलेजातून. तिनं तुहं गणित पाह्यलं अन् हसून हसून चहा सांडवला. म्हणे, वर शीग ठेवायची तर प्रश्नात उंची द्यावी लागते. उत्तर साठच हाय. पण तू टेन्शन नको घेऊ. मी गटावर टाकतो, पत्रिकेत छपाईची चूक होती, आता साठ लिहा म्हणून. तुहं नाव कुठीच येणार नाई."

प्रश्न तिने पुन्हा वाचला. शीग कुठेच नव्हती. ती तिने स्वतःच्या घरून आणली होती.

वाजिदची युक्ती उत्तम होती. छपाईची चूक म्हटले की कोणी विचारणार नव्हते. मॅडम मॅडमच राहणार होत्या. अकरा वाजता शाळाशाळांत वह्या सरांकडे जाणार होत्या, आणि त्याआधी प्रत्येकजण आपापल्या टावरगोट्यावर एकदा तरी चढणारच होता. तिने 'बरं' एवढे लिहिले. पण पाठवले नाही. मोबाइल पिशवीत घालून ती खाली उतरली.

झाडाखाली शेजारच्या झिंगूबाई उभ्या होत्या. त्यांचा मोह यंदा फुललाच नव्हता. सोनीबाई त्यांच्या पदरात लाकडी मापाने फुले घालत होती. माप भरले, वर फुलांचा ढीग चढला, दोन फुले घरंगळली, तरी तिने आणखी एक मूठ वर ठेवली.

"बस झालं व, सोनी," झिंगूबाई म्हणाल्या.

"शीग नाई तर माप कायचं, बाई? कोरडं माप देऊन मी रात्री झोपू कशी?"

रीना मटकन खाली बसली आणि एकाएकी हसू लागली.

"काऊन हसून राह्यली व?" सोनीबाईने विचारले.

"माय, तुह्यामुळे माहं गणित चुकलं."

"माह्यामुळे? मले तर दहाच्या पुढं बोटंच नाईत!"

रीनाने सगळे सांगितले. झिंगूबाई पदर सावरत हसल्या. सोनीबाई मात्र हसली नाही. तिने माप खाली ठेवले.

"अन् त्या पोरीचं काय झालं?"

"कोणत्या?"

"जिचं बरोबर होतं."

"तिनं खोडलं. चुकीचं लिहून घेतलं."

"तू म्हटलं म्हणून?"

छपाईची चूक म्हटली असती, तर चौतीस वह्या दुरुस्त झाल्या असत्या. पण आपले पहिले उत्तर पहिल्यापासून बरोबर होते, हे मोनालीला कधीच कळले नसते. तिला एवढेच कळले असते की बोलले की हसतात.

"माय, मी पुन्हा वर जाऊ का? दुसरी टोपली अर्धीच हाय."

"जा. फुलं शेळ्या खातील तर खाऊ दे. पण माह्यावर ढकलू नको हो तिथी!"

रीना पुन्हा टेकडी चढली. या वेळी ती धावली नाही. धानोऱ्याकडे तोंड करून तिने गटावर आपला आवाज पाठवला: "मी रीना. कालच्या गणिताचं उत्तर साठ हाय, छप्पन्न नाई. पत्रिका बरोबर हाय, मी चुकली. आमच्या घरी शिगेशिवाय माप देत नाईत, म्हणून मी प्रश्नातही शीग टाकली. मोनालीचं काल बरोबर होतं, अन् मी तिले हसली, तेही चुकलं. मोनाली, तूच समजावून सांग सगळ्यांले."

आधी वाजिदचा एक कपाळाला हात लावलेला चेहरा आला. मग कोणीतरी विचारले, "मॅडम, मग शिगेतलं धान्य गेलं कुठी?" रीना हसत असतानाच मोनालीचा आवाज आला. प्रथम नुसता वारा, मागे कोंबडा, आणि मग भीत भीत: "आमच्या घरी पण शीगच देतात. पण ते माप मायच्या हातात असते. हे पुस्तकाच्या हातात होतं." पुढे तिने एकेक पायरी सांगितली. शेवटी तिचा आवाज चांगला मोठा झाला होता.

घरी आल्यावर रीनाने वही उघडली. पान फाडून नवे लिहिण्याइतका वेळ होता, तरी तिने फाडले नाही. छप्पन्नावर पट्टीने एकच सरळ रेघ मारली, खाली साठ लिहिले, आणि समासात बारीक अक्षरांत नोंद केली: 'हे उत्तर मोनालीचे.' मग वही दप्तरात ठेवून ती वेणी घालायला बसली.