कॉफीच्या भांड्याखालची माहितीपुस्तिका

मी माहितीपुस्तिका बोलतेय. वेबसाइट लोकांपर्यंत पोचवणारा सर्व्हर कसा बसवायचा, ते माझ्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहिलंय. ज्यांनी तो सर्व्हर घडवला त्यांनीच मला लिहिलं. म्हणून माझ्या अंगात थोडा ताठा आहे आणि तो मी लपवत नाही.

मला वाल्येवो गावच्या देसांकाने छापून घेतलं. ती पाव भाजते. आमच्याकडे घराघराचा एक रक्षक संत असतो. त्याच्या सणाला, म्हणजे स्लाव्हाला, टेबलावर नक्षीचा पाव हवाच. त्या हिवाळ्यात देसांकाने बाजारातला गाळा सोडला आणि सगळी भिस्त नव्या वेबसाइटवर ठेवली.

ती माझं दुसरं पान वाचत होती, तेवढ्यात तिचा कुम वुकाशिन आला. कुम म्हणजे लग्नातला साक्षीदार, सख्ख्या भावाहून जवळचा.

"हे काय वाचत बसलीस? माझ्या रोपवाटिकेचा सर्व्हर मीच बसवलाय की! त्याच्या मांडणीची फाइल जशीच्या तशी तुझ्याकडे उतरवतो. तू कॉफी टाक."

कुमाचं काम तपासणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणं. देसांकाने मला मिटलं आणि माझ्यावर कॉफीचं गरम भांडं ठेवलं. लोक म्हणतात, माणसं आळसापोटी मला टाळतात. मला तसं वाटत नाही. माझ्याबरोबर कॉफी पिता येत नाही, एवढंच.

संत निकोलाचा दिवस तोंडावर आला. निम्म्या गावाची स्लाव्हा त्याच दिवशी, आणि देसांकाकडे एकही मागणी नाही. पिठाची पोती तशीच पडून. ती रडायच्या बेतात होती. शेवटी शेजारीण मिलुंका तणतणत आली.

"अगं, पाव मागवायला जावं तर तुझी वेबसाइट आलुबुखारची रोपं दाखवते! संतापुढे काय रोप ठेवू?"

देसांकाने वुकाशिनला बोलावून घेतलं. भांडं उचललं आणि मला त्याच्यापुढे सरकवलं.

"वाच. मोठ्याने."

"आधी कॉफी तरी..."

"कॉफी नंतर, कुमा!"

तो वाचू लागला आणि तिसऱ्या पानावर अडखळला. 'इथे आपल्या वेबसाइटचं नाव घाला.' मांडणी उतरवताना शहाण्याने स्वतःच्या रोपवाटिकेचं नावही उतरवलं होतं, आणि देसांकाचं प्रत्येक गिऱ्हाईक तिकडेच जात होतं. त्याने नाव बदललं. कॉफी उकळायच्या आत पहिली मागणी आली. मिलुंकाचीच होती, तिथेच उभं राहून फोनवरून केलेली. मग मागण्यांची रीघ लागली. अभिमानाने माझी पानं फुगली!

माझ्या मुखपृष्ठावर भांड्याचं वर्तुळ अजून आहे. ते मी पदकासारखं मिरवते. माणसांना विचारू नका, असं मी म्हणणार नाही. जरूर विचारा, फक्त मला उघडून मध्ये ठेवा.

तिसऱ्या पानावर, त्या ओळीखाली, वुकाशिनने पेनाने लिहिलंय, 'आपलं. कुमाचं नव्हे.' माझ्यात कुणी केलेली ही एकच सुधारणा, आणि ती मला मान्य आहे.