जबड्याच्या कोपऱ्यातली रेघ

दोघी जावा दातांच्या डॉक्टर, सासूबाईही दातांच्याच डॉक्टर आणि दवाखाना त्यांचा. म्हणजे भांडणाला वेगळं कारण शोधायची गरजच नव्हती. तरी थोरली भांडायची नाही, ती नुसती जळायची. धाकटीने साधी दाढ भरली तरी सासूबाई म्हणायच्या, "बाळ, हात किती हलका गं तुझा!" आणि थोरलीने घाम गाळून हाडात रुतलेली अक्कलदाढ काढली, की "अगं, पुढचा पेशंट घे." एक 'बाळ' आणि दुसरी 'अगं'. इतक्या वर्षांत तिच्यासाठी एक शाबासकी काही सासूबाईंच्या तोंडून निघाली नव्हती, आणि थोरलीचा जीव तेवढ्यातच अडकला होता.

त्या दिवशी दवाखान्यातच सासूबाईंचा पाय घसरला आणि जबडा बेसिनच्या कडेवर आपटला. थोरली येईपर्यंत धाकटीने एक्स-रे काढून निकालही देऊन टाकला होता.

"मुका मार आहे, ताई. सूज उतरेल. ती रेघ दिसतेय ना, ती घशातल्या हवेची सावली."

थोरलीने फिल्म उजेडावर धरली. खालच्या जबड्याच्या उजव्या कोपऱ्यात, अक्कलदाढेमागे, बारीक काळी रेघ होती. हवेची सावली हाड ओलांडून पुढे जाते; ही मात्र हाडाच्या कडेशीच थांबली होती. थोरलीला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. सासूबाई कळवळतायत आणि आपण मनातल्या मनात हसतोय, याची तिची तिलाच लाज वाटली. पण हसू काही जाईना.

"आई, दात मिटून बघा. नेहमीसारखे बसतात?"

"नाही गं. उजवीकडचे आधी टेकतात."

तिने ओठाखाली कापूस फिरवला. डावीकडे कळलं, उजवीकडे सगळं बधिर. मग तिने उजव्या दाढांमध्ये लाकडी पट्टी दिली. "घट्ट धरा." पट्टी जराशी पिळताच सासूबाईंनी ती सोडली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. समोरून दुसरा एक्स-रे काढला, तर रेघ त्यातही होती.

"हाड मोडलंय. जागेवरून फारसं हललं नाही, पण मोडलंय," थोरली म्हणाली, गरजेपेक्षा जरा मोठ्यानेच.

धाकटीला रडू फुटलं. "आई, मी तर तुम्हाला घरी नेऊन जेवायला बसवणार होते हो!"

सासूबाईंनी तिला जवळ ओढलं आणि डोक्यावरून हात फिरवत दातांच्या फटीतून म्हणाल्या, "रडू नको, बाळ. होतं असं."

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. ओळखलं कोणी आणि गोंजारलं जातंय कोणाला! सर्जनला लावायला उचललेला फोन तिने खाली ठेवला.

"आई, मी बरोबर ओळखलं. मला काहीच नाही म्हणणार?"

सासूबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. "तुला काय म्हणायचं? तू दारात दिसलीस, तेव्हाच मी निर्धास्त झाले. तू चुकशील असं कधी माझ्या मनातसुद्धा आलं नाही."

हवी होती ती शाबासकी मिळाली. एका डॉक्टरला दुसऱ्या डॉक्टरकडून याहून मोठी मिळत नाही, हे थोरलीला कळत होतं. तिने फोन लावला, सर्जनला सगळं नीट सांगितलं. सांगताना तिची नजर मात्र धाकटीच्या केसांतून फिरणाऱ्या त्या हातावरून हटली नाही.