अकरा वाकड्या पट्ट्या

स्लाइडच्या टोकावरची काळी चिकटपट्टी काचेच्या कडेपासून एक मिलिमीटर आत सरकली होती. तिच्या कडेला कापसाचा एक तंतू अडकला होता. काकांनी लावलेली पट्टी अशी कधीच नसे. बावीस वर्षं ते या प्रयोगशाळेत सशांच्या धमन्यांचे पातळ काप काढत होते, आणि पट्टी अशी चोख बसवत की नख शिरायला फट राहू नये. ससा औषध दिलेला की न दिलेला, हे त्या पट्टीखाली लिहिलेलं असे. धमनीतला चरबीचा थर मोजणाऱ्याला ते कळता कामा नये, म्हणून ती पट्टी.

मोजायचं काम तिचं. तिने सगळा ट्रे तपासला. अठ्ठेचाळीसपैकी अकरा पट्ट्या वाकड्या. "पुन्हा मोज गं, तुझा हात हलला असेल," म्हणून प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी ज्या स्लाइड तिसऱ्यांदा परत पाठवल्या होत्या, नेमक्या त्याच अकरा. तिने त्या पट्ट्या उचलून खालचं लिहिलेलं पाहिलं. अकराही ससे औषधवाले, आणि अकरांच्याही धमन्यांत चरबीचा थर जाडच्या जाड.

तिचा हात हलत नव्हता. तिन्ही वेळचे आकडे जवळजवळ तेच होते. सरांनी मात्र प्रत्येक स्लाइडचा सगळ्यांत लहान आकडा तेवढा उचलला होता, आणि तोही मोठा निघाला तर ती स्लाइडच गाळली होती.

सर संशोधक कमी आणि सूत्रसंचालक जास्त. देणगीदार आले की ते टेबलावरचं प्लास्टिकचं हृदय दोन्ही तळहातांवर घेत आणि आवाज ओला करत. शेवटचा जिवंत ससा त्यांनी कधी पाहिला, ते सशालाच ठाऊक. आणि ती? परत येतात त्या फक्त जाड थराच्या स्लाइड, हे तिच्या नऊ महिन्यांपूर्वीच लक्षात आलं होतं. अहवाल होऊ दे, मग बोलू. सरांचं परिषदेतलं भाषण होऊ दे, मग बोलू. आपल्या या सबुरीची तिला सरांइतकीच शिसारी येत होती.

काका जिना चढून आले आणि दारात छातीवर हात ठेवून थांबले.

"मॅडम, ट्रस्टच्या अध्यक्षबाई आल्या. आज माणसांवरच्या चाचणीला सही होणार. साठ पेशंट! माझा नंबर एकोणीस."

"तुमचा?"

"सर म्हणाले, घरचा माणूस तू, तुला रांग कशाला? सोमवारपासून हृदयाच्या जुन्या गोळ्या बंद. दोन्ही एकत्र चालत नाहीत म्हणे. आमच्या हिने तर गोळ्यांची डबी धुऊन त्यात शिवणाच्या सुया भरल्यात."

तिने ट्रे पुढे सरकवला. "काका, या पट्ट्या तुम्ही लावल्यात?"

काकांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिलं आणि त्यांचा चेहराच पडला. "मी? मी झोपेत लावली तरी अशी लागायची नाही! कुणी उचकटल्या?"

तिने सरांच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

"छे, सर असं नाही करायचे," काका म्हणाले. पण स्टूल ओढून खाली बसले.

ती ट्रे घेऊन बैठकीच्या खोलीत शिरली, तेव्हा सर रंगात आले होते. पडद्यावर थर एकतीस टक्क्यांनी उतरला होता. अध्यक्षबाईंचे यजमान जेवता जेवता गेले, तेव्हापासून त्या हा ट्रस्ट चालवत होत्या. त्या खरोखरच मन लावून ऐकत होत्या, आणि याचाच तिला जास्त राग आला. निदान त्यांना तरी फसवायला नको होतं.

"तुमचे यजमान आज असते तर..." सरांनी योग्य जागी आवंढा गिळला.

अध्यक्षबाईंनी पेनाचं टोपण काढलं. "मोजलं कुणी हे?"

"आमच्या मॅडमनी. तीन-तीनदा! भारी चिकट आहे पोरगी." सर हसले. "हो की नाही गं?"

तिने ट्रे सहीच्या कागदावरच ठेवला.

"अगं, हे आत्ता कशाला? नंतर बघू."

"मोजलं मीच," ती अध्यक्षबाईंकडे बघत म्हणाली, "पण हा आकडा माझा नाही. या पट्ट्या उचकटून जाड थर वगळलेत. औषध लागू पडत नाही. काकांच्या जुन्या गोळ्या चालूच राहतील, आणि तुम्ही सही करू नका."