प्लगवरची खडूची रेघ

“आज प्लग कोणी काढला होता?”

कामावरून येऊन स्वतःच्या घरात पाऊल टाकताच मीटर रीडरनं विचारलं. आठवडाभर रोज हाच प्रश्न! त्याची बायको सिक्युरिटी गार्ड, नुकतीच गेटवरच्या ड्यूटीवरून आलेली, तिनं बूटही काढले नव्हते. वडील शिलाई मशीनवर वाकून बसले होते.

झालं होतं असं, की घरबसल्या क्रिप्टो, म्हणजे डिजिटल नाणी, मिळतात हे ऐकून यानं एक जुना कॉम्प्युटर आणला, त्यावर लिनक्स ही सिस्टिम चढवली आणि तो थेट वडिलांच्या शिलाईच्या खोलीत मांडला. आपलं इंटरनेट एका नेटवर्कला वापरू द्यायचं, यंत्र चोवीस तास चालू ठेवायचं, की पॉइंट जमतात आणि पुढे त्यांची नाणी होतात म्हणे. पण पॉइंट जमतील तर शपथ! यंत्र रोज दुपारी आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचं, हे त्याला मोबाइलवर दिसायचं. दिवसभर लोकांची मीटरं तपासून याची नजर आधीच संशयी झालेली. वडिलांना इस्त्रीसाठी प्लग लागतो, म्हणजे तेच उपटत असणार! सकाळी त्यानं वडिलांच्याच खडूनं प्लगवरून बोर्डापर्यंत एक रेघ ओढून ठेवली होती. प्लग निघाला की रेघ जुळणार नाही.

“अप्पा, खरं काय ते सांगून टाका. मी रागावणार नाही.”

“किती वेळा सांगू? हात लावला नाही,” अप्पा म्हणाले. “इस्त्री शेजारी जाऊन करतोय. आता मशीनही नेतो. तुझ्या धाकट्या भावाकडे जागा आहे.” आणि खरंच ते कात्री, टेप पिशवीत भरायला लागले.

बायकोला राहवेना. “अहो, ती रेघ बघितलीत का?”

त्यानं वाकून पाहिलं. रेघ जशीच्या तशी होती.

“मग अप्पांनी काय फुंकर मारून बंद केलं? आमच्या गेटवर कोण आलं, किती वाजता आलं, सगळं रजिस्टरमध्ये असतं. तुमच्या यंत्राला रजिस्टर नाही?”

होतं की, लॉग म्हणतात ते! एका कमांडनं दिसलं असतं. त्यानं कधी उघडलंच नव्हतं. आता उघडलं आणि एकेक नोंद वाचली. रोज दुपारी सव्वादोनला, बाहेरून कुणीतरी परकं आत येत होतं! पॉइंट स्वतःच्या खात्यात वळवून, यंत्र पुन्हा चालू करून निघून जात होतं.

“हे कोण?” बायकोनं विचारलं.

तो चाचरला. “क्रिप्टोच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरच्या एका दादांनी कमांडची एक लांबलचक ओळ पाठवली होती. ती यंत्रात पेस्ट केली. पासवर्ड मागितला, तोही दिला.”

“वाचली होती?”

“नाही.”

“दादांना भेटलात कधी?”

“नाही गं.”

“वा! ज्याचं तोंड पाहिलं नाही त्याला किल्ली, आणि ज्यांनी तुमचा शाळेचा पहिला सदरा शिवला, त्यांच्यावर पाळत!”

त्याचे डोळे भरून आले. त्यानं स्वतःच प्लग उपटला आणि वडिलांच्या हातातली पिशवी धरली. “अप्पा, चुकलो. नका जाऊ.”

अप्पांनी पिशवी खाली ठेवली. मग म्हणाले, “माप घेतल्याशिवाय मी कधी कापडाला कात्री लावली नाही रे. तू न वाचता अख्खं घर उघडं टाकलंस.”

वाचकहो, संशय घ्यायला हरकत नाही, पण तो दारातून येणाऱ्या अनोळखी माणसावर आधी घ्या. स्क्रीनवरच्या गोडबोल्यांवर डोळे मिटून विश्वास टाकायचा आणि घरच्यांची झडती घ्यायची, हे आपण कधी थांबवणार?

त्यानं ओल्या फडक्यानं रेघ पुसली. अप्पांनी पिशवीतली कात्री काढून मशीनवर ठेवली आणि इस्त्रीची पिन त्याच बोर्डात लावली.